पदवी आणि उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आपल्या भाषेत फार्सीतून आला. उमेद म्हणजे आशा. आशा धरून बसलेला तो उमेदवार. आमच्या आजोबांच्या काळी मामलेदाराच्या कचेरीत किंवा एखाद्या नामांकित वकिलाकडे होतकरू तरुण बिनपगारी कामास राहत. ते दप्तरे बांधीत, कागदांच्या नकला करीत, वरिष्ठांची बोलणी खात, आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहत. यासच उमेदवारी करणे असे म्हणत. काम शिकावयास मिळे ही गोष्ट खरी. परंतु पोट घरच्या भाकरीवर भरावे लागे, आणि उमेद फळास येईलच असा भरवसा कोणी देत नसे.

दुसरीकडे कॉलेजात जाणारा तरुण तीन-चार वर्षे ग्रंथांत घालवून पदवी घेऊन बाहेर पडे. त्याचा मान मोठा. परंतु प्रत्यक्ष कामास हात लावण्याची वेळ आली म्हणजे त्याची त्रेधा उडे. एकापाशी काम होते पण पदवी नव्हती; दुसऱ्यापाशी पदवी होती पण काम येत नव्हते. ही फूट आजही पुरती बुजलेली नाही. बारावीचा निकाल लागला की अनेक घरांतून तोच जुना प्रश्न निघतो: मुलाने शिकावे, की मिळवावे? घरची स्थिती बेताची असली म्हणजे हा प्रश्न नुसता वादाचा राहत नाही; त्याच्या उत्तरावर धाकट्या भावंडांचे शिक्षणही अवलंबून असते.

इंग्लंडात २०१५ सालापासून या प्रश्नास तिसरे उत्तर देण्याचा प्रयोग चालू आहे. त्यास तेथे ‘डिग्री अप्रेंटिसशिप’ म्हणतात. आम्ही या लेखात त्यास पदवी-उमेदवारी म्हणू. तीत तरुण मनुष्य एखाद्या कंपनीचा पगारी नोकर असतो आणि त्याच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थीही असतो. या योजनेचे स्वरूप काय, तीत शिरणाऱ्याच्या वाट्यास सुख किती व कष्ट किती येतात, आणि आपणांस तीपासून काय घेण्यासारखे आहे, हे दूरध्वनीच्या धंद्यातील मोठ्या कंपनीचे उदाहरण घेऊन सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगणे जरूर आहे. इंग्लंडात उमेदवारीची चाल फार जुनी. १५६३ साली तेथे असा कायदा झाला की, सात वर्षे उस्तादाच्या हाताखाली काढल्यावाचून कोणी कारागिरीचा धंदा स्वतंत्रपणे करू नये. हा निर्बंध १८१४ साली उठला, तोपर्यंत अडीचशे वर्षे तेथील कारागीर याच वाटेने तयार झाले. विजेच्या शास्त्राचा एक आद्य पुरुष मायकेल फॅरडे हाही असाच उमेदवार होता. १८०५ साली तो एका पुस्तकबांधणी करणाराच्या दुकानात सात वर्षांच्या कराराने राहिला, आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचता वाचता त्यास विज्ञानाची गोडी लागली. परंतु विद्यापीठ आणि कारखाना यांच्यामधली भिंत तशीच राहिली. उमेदवारास विद्या हवी असेल तर त्याने ती आपल्या झोपेतून वेळ काढून मिळवावी, असाच एकंदर न्याय होता.

या न्यायाने वर आलेल्या एका पुरुषाची हकिकत आमच्या विषयास फार जवळची आहे. टॉमी फ्लॉवर्स हा १९०५ साली लंडनच्या पूर्व भागात एका गवंड्याच्या घरी जन्मला. वूलिच येथील सरकारी तोफखान्याच्या कारखान्यात त्याने यंत्रकामाची उमेदवारी केली आणि रात्रीच्या वर्गांस जाऊन लंडन विद्यापीठाची विद्युत् अभियांत्रिकीची पदवी मिळविली. १९२६ साली तो पोस्ट खात्याच्या दूरध्वनी शाखेत नोकरीस लागला; त्या काळी इंग्लंडात टेलिफोन पोस्ट खात्याकडेच असत. पुढे दुसरे महायुद्ध जुंपले. जर्मन सेनापतींचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी जलद चालणारे यंत्र हवे होते. फ्लॉवर्स म्हणाला, सुमारे दीड हजार इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह एकत्र जोडून असे यंत्र करता येईल. जाणत्यांनी माना हलविल्या. इतके व्हॉल्व्ह एकत्र बसविले तर त्यांतील एक ना एक सतत जळत राहील, अशी त्यांची समजूत होती. परंतु फ्लॉवर्सने टेलिफोनच्या कामात व्हॉल्व्ह प्रत्यक्ष हाताळले होते. ते वारंवार चालू-बंद केल्याने बिघडतात, सतत चालू ठेवल्यास दीर्घकाळ टिकतात, हे त्यास अनुभवाने ठाऊक होते. त्याने यंत्र तयार केले. ‘कोलोसस’ नावाचे ते यंत्र १९४४ च्या फेब्रुवारीत ब्लेचली पार्क येथे कामास लागले. आज जगातील पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांत त्याची गणना होते. ते काम इतके गुप्त होते की १९७० नंतरच्या दशकापर्यंत त्याची वार्ता बाहेर फुटली नाही, आणि फ्लॉवर्स यास अर्धे आयुष्य कीर्तीवाचून काढावे लागले.

या हकिकतीचे मर्म वाचकांनी लक्षात घ्यावे. नुसत्या कारागिरास यंत्राची कल्पना सुचली नसती. नुसत्या पंडितास ते चालेल असा विश्वास वाटला नसता. एकाच मनुष्यात दोन्ही गोष्टी आल्या म्हणून ते घडले. परंतु त्या दोन्ही एकत्र आणण्याचे कष्ट फ्लॉवर्सने एकट्याने सोसले. दिवसा कारखाना आणि रात्री वर्ग, हा मार्ग शंभरांतून किती जणांस झेपणार? जे त्या वाटेत थकून बसले त्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. पदवी-उमेदवारीची योजना या थकणाऱ्यांसाठी आहे. रात्री चोरून करावयाचा अभ्यास तीत दिवसाच्या पगारी वेळात आणला आहे.

आता योजनेचे नियम पाहू. कंपनी आणि उमेदवार यांच्यामध्ये लेखी करार होतो. उमेदवार पहिल्या दिवसापासून कंपनीचा नोकर समजला जातो. त्यास पगार, पगारी रजा आणि इतर नोकरांचे हक्क मिळतात. विद्यापीठाची फी त्यास द्यावी लागत नाही. ती कंपनी व सरकार यांच्या व्यवस्थेतून भरली जाते. या खर्चाची तरतूद म्हणून २०१७ च्या एप्रिलपासून तेथील सरकारने एक पट्टी बसविली. ज्या मालकाचा वर्षाचा पगारखर्च ३० लक्ष पौंडांहून अधिक, त्याने त्या खर्चाच्या अर्धा टक्का रक्कम वेगळी भरावयाची आणि ती उमेदवारांच्या शिक्षणाकडे लावावयाची. त्याच वर्षी असाही नियम होता की, उमेदवाराच्या पगारी वेळेचा किमान पाचवा हिस्सा शिक्षणास मिळालाच पाहिजे. पुढे या मोजणीचा तपशील बदलत गेला. परंतु शिकण्याचा वेळ कामाच्या वेळातूनच द्यावयाचा हे तत्त्व कायम राहिले. संगणकविषयक पदवीचा हा क्रम बहुधा तीन ते चार वर्षांचा असतो, आणि सॉफ्टवेअर, जाळ्यांची उभारणी, सायबर सुरक्षा, माहितीचे पृथक्करण अशा शाखांपैकी एक उमेदवार पत्करतो.

दूरध्वनीच्या कंपन्यांनी ही योजना उत्साहाने का उचलली, याचे कारण त्या धंद्याच्या इतिहासात आहे. ज्या पोस्ट खात्यात फ्लॉवर्स होता, त्याची दूरध्वनी शाखा १९८१ साली ‘ब्रिटिश टेलिकॉम’ या नावाने वेगळी झाली आणि १९८४ साली खासगी भागीदारांस विकली गेली; तीच आजची बी.टी. कंपनी. तिच्या हयातीत किती विद्या आल्या आणि गेल्या! तारायंत्राची कटकट ऐकून मजकूर लिहून घेणारे कुशल तारमास्तर तेथे होते. ब्रिटनमधील अंतर्गत तारसेवा १९८२ साली थांबली; आपल्या देशात १८५० साली कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये पहिली तार घातली गेली होती, ती सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली. तांब्याच्या तारेवरचे दूरध्वनीही आता जात आहेत. ब्रिटनमधील हे जुने जाळे बंद करण्याची मुदत २०२४ साली वाढवून जानेवारी २०२७ ही ठरविण्यात आली. तांब्याच्या जागी काचेचे तंतू आले. ज्या धंद्यात एका पिढीची विद्या दुसऱ्या पिढीस अपुरी पडते, तेथे नुसती एक कसब शिकविलेला मनुष्य लौकरच निकामी होतो. आणि नुसती तत्त्वे पढलेला मनुष्य तत्काळ उपयोगी पडत नाही. सबब तेथे दोन्ही शिकलेल्या माणसाची गरज अधिक भासते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. अठरा वर्षांची एक मुलगी शाळा संपवून अशा एका कंपनीत पदवी-उमेदवार म्हणून दाखल झाली आहे. तिने अर्ज केला, परीक्षा दिली, चार-पाच उमेदवारांबरोबर बसून एक कोडे सोडविले, मुलाखत दिली. गणितात गुण चांगले होतेच. परंतु परीक्षकांनी तिला मुख्यत्वे असे विचारले की, एखादी गोष्ट तुला जमली नाही तेव्हा तू काय केलेस? शाळेत असा प्रश्न तिला कोणी केला नव्हता.

पहिले काही आठवडे मोठे गोंधळाचे जातात. सभेत बसलेली माणसे आद्याक्षरांतच बोलतात. दहा शब्दांपैकी सहा तिला कळत नाहीत. शाळेत ती वर्गातील हुशार मुलगी होती. येथे सर्वांत कमी जाणणारी तीच. पुष्कळ उमेदवारांची पहिली परीक्षा ही होय. ‘मला समजले नाही’ हे वाक्य उच्चारण्यास जो लाजतो, त्याचे अज्ञान महिनोन्महिने तसेच राहते आणि मग ते उघड करणे अधिकच कठीण होते. ही मुलगी एक लहान वही खिशात ठेवते, न कळलेला शब्द लिहून घेते, आणि संध्याकाळी आपल्या मार्गदर्शकास विचारते. मार्गदर्शक म्हणजे कंपनीने नेमून दिलेला अनुभवी सहकारी. तो हसत नाही. कारण त्यानेही कधी काळी अशीच वही बाळगलेली असते.

विद्यापीठ आणि कचेरी यांची वाटणी निरनिराळ्या प्रकारे असते. कोठे आठवड्यातील एक दिवस विद्यापीठास दिलेला असतो. कोठे काही आठवडे सलग तेथे जावयाचे आणि मग पुन्हा कामावर यावयाचे. एक गोष्ट सर्वत्र सारखी: आज शिकलेले उद्या कामी लागते, आणि आज कामात अडलेले उद्या प्राध्यापकास विचारता येते. हा लाभ कसा होतो ते एका प्रसंगाने सांगतो.

काचेच्या तंतूतून संदेश प्रकाशाच्या रूपाने जातात. जमिनीखाली कोठे तंतू तुटला तर तो शोधावयाचा कसा? वीस मैलांचा रस्ता खणीत जाणे शक्य नाही. यासाठी एक यंत्र असते. ते तंतूच्या एका टोकातून प्रकाशाचा सूक्ष्म स्पंद सोडते. तुटलेल्या जागी थोडा प्रकाश उलटून परत येतो. जाण्यायेण्यास किती वेळ लागला यावरून अंतर काढता येते. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनी ऐकण्यासारखाच हा प्रकार. आता विद्यापीठात आमच्या उमेदवाराने शिकलेले असते की, निर्वात जागेत प्रकाश सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर जातो. परंतु काचेत त्याचा वेग मंदावतो. या तंतूच्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्याने तेथे तो वेग सुमारे २ लक्ष ४ हजार किलोमीटर उरतो. यंत्राने सांगितले की, प्रकाश १०० मायक्रोसेकंदांत परत आला. म्हणजे एकंदर प्रवास २०.४ किलोमीटर, आणि जाणे तेवढे घेतले तर १०.२ किलोमीटर. मुलीने कागदावर हिशेब केला; तो बिनचूक होता. तिने नकाशावर १०.२ किलोमीटरची जागा दाखविली आणि म्हटले, येथे खणा.

शेजारी उभा असलेला जुना कारागीर म्हणाला, “तेथे खणू नका, अलीकडे पाहा.” कारण असे की, तंतू रस्त्यासारखा सरळ नसतो. पुढे दुरुस्तीस उपयोगी पडावा म्हणून प्रत्येक सांध्यापाशी, जमिनीखालच्या कुंडीत, त्याची काही वेटोळी मुद्दाम शिल्लक ठेवलेली असतात. तंतूची लांबी १०.२ किलोमीटर भरली तरी रस्त्याने ते अंतर त्याहून कमीच असावयाचे. किती कमी, हे कोणत्या कुंडीत किती वेटोळी आहेत यावर अवलंबून; आणि त्याची नोंद दप्तरात असते, किंवा ज्याने ती ठेवली त्याच्या स्मरणात असते. विद्यापीठाचे गणित खोटे नव्हते. कारागिराचे ज्ञानही त्या गणितावाचून अपुरे होते, कारण यंत्राने आकडा दिला नसता तर त्याने तरी कोठून आरंभ केला असता? हिशेब आणि वेटोळी या दोहोंचा मेळ ज्यास घालता येतो, त्यासच तुटलेली जागा सापडते. सर्व पदवी-उमेदवारीचे सार आम्हांस या एका प्रसंगात दिसते.

येथे आणखी एका नावाचा उल्लेख करणे उचित होईल. काचेच्या तंतूतून दूरवर संदेश धाडता येतील, हे १९६६ साली सप्रमाण मांडणारा चार्ल्स काव हा शांघाय येथे जन्मलेला चिनी गृहस्थ. त्याने पदवी घेतली ती वूलिचच्याच पॉलिटेक्निकात. पुढे इंग्लंडातील एका दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करीत असताच त्याने लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. २००९ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्या तंतूंवर आमची उमेदवार मुलगी शिकते, ते तंतूही नोकरी आणि विद्या यांच्या संगमातूनच जन्मास आले आहेत.

कामाचा दुसरा धडा सावधपणाचा. लाखो घरांचे संभाषण ज्या यंत्रांतून जाते, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावयाचा झाल्यास तो बहुधा मध्यरात्रीनंतर, वर्दळ कमी असताना करतात. बदल कसा करावयाचा हे आधी पायरीपायरीने लिहावे लागते. आणि तो फसला तर पूर्वस्थितीस कसे यावयाचे, हेही लिहावे लागते. परतीची वाट लिहिलेली नसेल तर पुढे जाण्यास परवानगी मिळत नाही. तसेच कोणीही लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्यावाचून वापरात येत नाही. मग तो उमेदवाराचा असो वा वीस वर्षे काम केलेल्याचा असो. आपल्या लेखनातील दोष चारचौघांत दाखविला गेला म्हणजे प्रथम मनास लागते. परंतु हळूहळू उमेदवारास कळते की दोष आपला दाखविला जात नसून कामाचा दाखविला जात आहे. ही शिकवण आम्हांस कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून कमी मोलाची वाटत नाही.

दर काही महिन्यांनी उमेदवार, कंपनीतील वरिष्ठ आणि विद्यापीठाचा शिक्षक असे तिघे एकत्र बसून प्रगतीचा आढावा घेतात. ज्ञान, कौशल्य आणि वर्तन या तीन बाबी त्यात पाहिल्या जातात. उमेदवार शिकलेल्या तासांची नोंद ठेवतो आणि केलेल्या कामाचे पुरावे जमा करतो. शेवटी कंपनीच्या खऱ्या गरजेतून निघालेले एक मोठे काम त्यास स्वतः पुरे करावे लागते आणि परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. ते उतरले म्हणजे पदवीही मिळते आणि उमेदवारीही पुरी होते.

येथवर वाचून एखाद्यास वाटेल की हा मार्ग म्हणजे केवळ सुखाचा सोपान. तसे नाही, आणि ते न सांगणे हा वाचकांशी अप्रामाणिकपणा होईल. ज्या वयात कॉलेजातील मित्र लांब सुट्ट्या घेतात, वसतिगृहात हसतखेळत राहतात, नाटके बसवितात, त्या वयात उमेदवारास सकाळी कचेरी गाठावी लागते. सुट्टी म्हणजे नोकराची रजा, तेवढीच. कामाची घाई आणि विद्यापीठाचा निबंध एकाच आठवड्यात येतात. कंपनीस निबंधाशी कर्तव्य नसते आणि विद्यापीठास घाईशी. पगारी वेळ मिळतो हे खरे. तरी परीक्षेच्या आधी रात्रीही जागाव्या लागतात आणि रविवारही द्यावे लागतात. आणखी एक गोष्ट: विषय निवडण्याची मोकळीक येथे कमी. अठराव्या वर्षी ज्याने तंत्रविद्येचा करार केला, त्यास दुसऱ्या वर्षी इतिहासाची ओढ लागली तर मागे फिरणे अवघड जाते. मध्येच नोकरी सुटली तर पदवीही संकटात सापडते. ज्यास आपला कल अजून कळलेला नाही, त्याने या वाटेस घाईने जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे पारडेही पाहू. इंग्लंडातील विद्यापीठाची वार्षिक फी २०१२ साली ९,००० पौंडांपर्यंत गेली आणि २०२५ साली ९,५३५ पौंड झाली. तीन वर्षांची नुसती फी सुमारे २८,६०० पौंड. बहुतेक विद्यार्थी ती कर्जाने भरतात, आणि राहण्याजेवण्याच्या खर्चाचे कर्ज आणखी वेगळे. पदवी-उमेदवारास यातील फीचे कर्ज नाही. उलट २०२५ च्या एप्रिलपासून पहिल्या वर्षाच्या उमेदवाराचा कायदेशीर किमान पगार तासास ७ पौंड ५५ पेन्स होता. आणि मोठ्या कंपन्या पदवी-उमेदवारांस याहून बरेच अधिक देतात. कर्जात बुडालेला पदवीधर आणि चार वर्षांचा अनुभव असलेला ऋणमुक्त पदवीधर, यांतील अंतर गरिबाच्या घरी अधिक जाणवते.

आणि नेमके येथेच एक शल्य आहे. ही योजना ज्यांस सर्वांत उपयोगी, त्यांच्यापर्यंतच ती कमी पोचते, अशी तक्रार तेथील शिक्षणाचे निरीक्षण करणारांनी केली आहे. जागा थोड्या, अर्ज फार. आणि ज्या घरांतील आईबाप शिकलेले, ज्यांस कोणता अर्ज केव्हा करावयाचा हे ठाऊक, त्यांची मुले पुढे सरतात. गवंड्याच्या मुलासाठी उघडलेले दार सुखवस्तू घरातील मुलाने आधी गाठावे, हे त्या योजनेचे अपुरेपण होय. माहिती ही देखील एक प्रकारची संपत्ती आहे, आणि इतर संपत्तीप्रमाणे तिचीही वाटणी विषम असते. हा लेख शाळेच्या अंकात लिहिण्याचे एक कारण हेच.

आता आपल्या मुलांनी काय करावे? प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. इंग्लंडातील ही योजना मुख्यतः तेथे रहिवास असणारांसाठी आहे; काही वर्षे तेथे कायदेशीर वास्तव्य असल्यावाचून सरकारी साहाय्य मिळत नाही. “इंग्लंडात फुकट पदवी व वर पगार” असे आमिष दाखवून कोणी पैसे मागू लागला तर त्याच्यापासून दूर राहावे. आपल्या देशात १९६१ सालचा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यान्वये कारखान्यांत व कचेऱ्यांत उमेदवार घेतले जातात व त्यांस विद्यावेतन मिळते. २०१४ साली या कायद्यात मोठी सुधारणा झाली, २०१६ साली उमेदवारीस उत्तेजन देण्याची राष्ट्रीय योजना निघाली, आणि २०२० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे वाट आपल्याकडेही पडू लागली आहे. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा: आपल्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा शिकणारा समजला जातो, कामगार नव्हे, सबब इंग्लंडातील उमेदवाराचे सर्व हक्क त्यास लागू होत नाहीत.

अशा कोणत्याही योजनेत मुलास घालण्यापूर्वी पालकांनी चार प्रश्न अवश्य विचारावे. पहिला: करार लेखी आहे काय, आणि त्यात पगार किंवा विद्यावेतन किती व केव्हा मिळणार हे लिहिले आहे काय? दुसरा: पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय? तिसरा: शिकण्याचा वेळ कामाच्या वेळातून मिळणार, की काम संपल्यावर उरेल तो? चौथा: मुलास शिकविण्याची जबाबदारी नाव घेऊन कोणा एका माणसावर सोपविली आहे काय? या चारांची समाधानकारक उत्तरे मिळत नसतील, तर ती उमेदवारी नव्हे. स्वस्त मजुरीस दिलेले ते गोंडस नाव होय. आजोबांच्या काळच्या कचेरीतील बिनपगारी तरुणाहून मग आमच्या मुलाची स्थिती फारशी निराळी राहणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटी दोन शब्द तुमच्याशी. हाताने काम करणे हे विद्येहून हलके, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. शाळेच्या प्रार्थनामंदिरात तुम्ही ज्या पौलाविषयी ऐकता, तो गमलिएलासारख्या थोर गुरूच्या पायांजवळ बसून शिकलेला पंडित होता. तरी करिंथ नगरात तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करण्याचा धंदा करी. त्या धंद्याने त्याची विद्या कमी झाली नाही. टॉमी फ्लॉवर्सच्या हातास कारखान्याचे तेल लागले होते, म्हणूनच पंडितांस जे अशक्य वाटले ते त्याने करून दाखविले. तुम्ही कॉलेजात जा अथवा कारखान्यात जा. परंतु कॉलेजात गेलात तर आपले हात आणि कारखान्यात गेलात तर आपले पुस्तक बरोबर न्यावयास विसरू नका. आणि ज्या दिवशी काही कळणार नाही त्या दिवशी निःसंकोचपणे म्हणा, “मला समजले नाही, पुन्हा सांगा.” उमेदवारीचा आरंभ तेथूनच होतो.